रॅप ड्रेस नावाची बाराबंदी

दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावर रॅप ड्रेस नेहमीच छान दिसतो. पुतळा खाली बसत नाही, वाकत नाही, वाऱ्यात उभा राहत नाही. आपण हे सगळं करतो. मग गळा फाकतो, कंबर वर चढते, मांडीवरचा पल्ला बाजूला सरकतो आणि आपण दिवसभर एक हात छातीशी धरून वावरतो. चार-पाच सेफ्टी पिना लावून बसवलेला रॅप ड्रेस तुम्हीही कुणाच्या तरी अंगावर पाहिला असेल. शिवायला हा कपडा सोपा आहे, चेन नाही, काजं नाहीत. अवघड आहे तो अंगाला बसवणं.

मला तो शिवावा लागला तो हौसेनं नाही. भोपाळला चार इमली भागात माझी थोरली बहीण मुलाकडं राहते. चार इमली म्हणजे चार चिंचा, आपल्याकडच्या भाषेत चार हुणसी गिडं. नाव असं खेड्यातलं, पण वस्ती सरकारी बंगल्यांची. भाचा राज्य सरकारच्या नोकरीत, सूनही नोकरी करणारी. अक्का सहासष्ट वर्षांची, मधुमेह जुना, आणि गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा जखडला. याला डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात, आणि मधुमेहींमध्ये तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. हात खांद्याच्या वर जात नाही, पाठीमागं तर मुळीच जात नाही. व्यायाम चालू असतो, दुखणं हळूहळू उतरतं, पण हळूहळू म्हणजे कित्येक महिने.

आता या बाईनं घालायचं काय? जन्मभर इरकल नेसलेली. निऱ्या एका हातानं होत नाहीत, पदर खांद्यावर टाकता येत नाही. कुडता डोक्यावरून घालायचा तर हात वर हवा. गाऊन आणले, तेही डोक्यावरूनच. पुढं चेन असलेला एक गाऊन मिळाला, तो घालून ती खोलीबाहेर यायला तयार नाही. घरात सकाळपासून माणसांची वर्दळ. कुणी फायली घेऊन येतो, कुणी भेटायला बसलेला असतो. "त्यांच्यासमोर मी रात्रीच्या कपड्यात येऊ का गं?" असं तिचं म्हणणं. सून नऊला कामावर निघायच्या आधी तिला साडी नेसवून जायची. त्या घाईत दोघींचाही जीव मेटाकुटीला यायचा. सून बिचारी तक्रार करत नव्हती. पण आपल्या अंगावरचं लुगडं दुसऱ्यानं नेसवावं, याचं अक्काला फार लागलं होतं. सून सुट्टीवर असली की ती दुपारपर्यंत पांघरूण घेऊन पडून राहायची. घराजवळच्या एकांत पार्कमध्ये फिरायला जाणंही बंद झालं होतं.

पुढून पूर्ण उघडणारा, हात वर न करता घालता येणारा, चारचौघांत शोभणारा आणि स्वतःच्या हातानं बांधता येणारा कपडा हवा होता. बाजारात तो रॅप ड्रेस या नावानं मिळतो. न्यूयॉर्कमध्ये डायान फॉन फर्स्टेनबर्ग या बाईनं १९७४ साली तो आणला आणि जगभर गाजवला. त्याच्याही आधी, १९४२ मध्ये, क्लेअर मॅककार्डेल या अमेरिकन शिवणकर्तीनं घरकाम करणाऱ्या बायकांसाठी डेनिमचा एक गुंडाळी झगा काढला होता. किंमत सहा डॉलर पंच्याण्णव सेंट, आणि सोबत चुलीवरचं भांडं धरायला हातमोजा! मला ही मॅककार्डेल जास्त जवळची वाटते. तिच्या कपड्याला काम होतं.

पण फर्स्टेनबर्गच्या ड्रेसमधली एक गोष्ट आपल्याला ठाऊक हवी. तो जर्सीचा होता, म्हणजे विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा. असं कापड अंगाच्या वळणांवर आपोआप बसतं. आपण मासिकातलं चित्र बघतो आणि तोच आकार सुती कापडावर बेततो. सूत ताणत नाही. छातीच्या उंचवट्यावरून जाताना त्याला जागा लागते, ती मिळाली नाही की ते गळ्यापाशी सैल सुटतं. गळा फाकण्याचं मूळ बहुतेक वेळा इथं असतं. आपण मात्र दोष आपल्या अंगाला देतो.

सुती कापडाचा, न ताणणारा, पुढून एकावर एक येणारा आणि तरी अंगावर नीट बसणारा कपडा आपल्याकडं आहेच. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या अंगावरची पांढरीशुभ्र बाराबंदी डोळ्यांपुढं आणा. यात्रा संक्रांतीच्या दिवसांत, जानेवारीच्या थंडीत. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला आजही मराठी घरांतसुद्धा यण्णीमज्जनच म्हणतात. सात नंदीध्वज निघतात. ते पेलणाऱ्याच्या हातांना, खांद्यांना केवढं काम असतं, आणि अंगावर बटण एकही नाही. नुसते बंद. बारा बंद म्हणजे सहा गाठी, काही आतल्या पल्ल्याच्या, काही वरच्या. यात्रेची सांगता कप्पडकळीनं होते, नंदीध्वजांची वस्त्रं उतरवतात तो विधी. कप्पड म्हणजे कापड हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तसं बघितलं तर जन्मल्यावर आपण पहिलं घातलेलं बंदांचं झबलंही याच घराण्यातलं. मान न सावरणाऱ्या बाळाला डोक्यावरून काही घालता येत नाही, म्हणून आपल्या आज्यांनी ते उघडं ठेवलं आणि बंदांनी बांधलं.

मी जाताना कर्नाटक एक्सप्रेसमध्ये सोबत मांजरपाटाचे चार मीटर आणि कागदावर काढलेली बाराबंदीची आकृती घेऊन गेले. (गाडी सोलापूरहून थेट भोपाळला जाते, ही आपली मोठी सोय.) मशीन सुनेचं होतं, पायाचं, जुनं, पण टीप चांगली.

आधी कापडाचं सांगते. अक्कानंच ट्रंकेतून एक जुनी सुती इरकल काढली, गोमी काठाची. जुनी साडी अशा कामाला उत्तम. ती आटायची तेवढी आटलेली असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो, आणि सूत मऊ पडलेलं असतं. फक्त उजेडासमोर धरून विरलेल्या जागा बघून घ्याव्यात. नवं कापड घेतलंत तर एक रात्र पाण्यात भिजवून, वाळवून, मगच कात्री लावा.

साडी हातात देताना तिनं एवढंच बजावलं, "सेरग कत्तरिसब्याड." पदर कापायचा नाही. इरकलचा तांबडा, पांढऱ्या नक्षीचा टोपीतेनी पदर. त्याचा ताणा वेगळा लावतात आणि साडीच्या ताण्याशी कोंडी घालून एकेक फासा जोडतात, तोच पदर. तो कापायचं माझ्याही मनात नव्हतं. साडी उभी न कापता आडवी बेतली की पदराला हात लागत नाही. म्हणजे साडीचा पन्हा हीच ड्रेसची उंची. खालचा काठ आपसूक घेराला येतो, तिथं दुमडायचीही गरज नाही, आणि काठाच्या वजनानं घेर खाली नीट पडतो. वरचा काठ मी बेतण्याआधीच काढून बाजूला ठेवला, त्याचं काम पुढं येणार होतं. अक्काची उंची पाच फुटांच्या आसपास, त्यामुळं उरलेला त्रेचाळीस इंच पन्हा घोट्याच्या वर तीन-चार बोटं आला. उंच बाईला हा बेत पुरणार नाही, तिनं मीटरवारी कापड घ्यावं. पंचेचाळीस इंच पन्ह्याचं साधारण सव्वाचार मीटर लागतं.

मापं: छाती ४०, कंबर ३८, सीट ४४. तयार कपड्यांच्या दुकानात एकाच बाईची ही तीन मापं तीन वेगवेगळ्या साइझमध्ये निघतात. आपल्याकडं पाश्चात्त्य मापांवरूनच साइझ ठरत आल्या. २०१८ मध्ये निफ्ट या संस्थेनं भारतीय अंगांची मापं घेण्याचं सर्वेक्षण जाहीर केलं, सहा शहरांतल्या पंचवीस हजार माणसांची, पंधरा ते पासष्ट वयाची. अक्का एका वर्षानं हुकली! घरी शिवायचं ते यासाठीच.

कंबरेचं माप घेताना एक नाडी सैलसर बांधा आणि दोन-चार वेळा वाका. नाडी जिथं स्थिरावेल ती तुमची कंबर, मग ती बेंबीच्या वर असो की खाली. आणखी एक माप बहुतेक जणी घेत नाहीत, आणि रॅपमध्ये तेच सगळ्यांत महत्त्वाचं. खांद्यापासून छातीच्या उंचवट्यावरून या नाडीपर्यंत पुढची लांबी, आणि खांद्यापासून नाडीपर्यंत पाठीची लांबी. अक्काची पुढची लांबी पाठीपेक्षा दोन इंच जास्त निघाली. दोन्ही सारख्याच बेतल्या असत्या तर कंबर पुढून वर उचलली गेली असती.

घरात वावरायचा सुती कपडा म्हणून छातीला आणि सीटला मापापेक्षा चार इंच सैल धरलं. पाठ सीटपाशी चोवीस इंच. पुढचे दोन पल्ले, प्रत्येकी मध्यापर्यंत बारा आणि मध्याच्या पलीकडं आणखी दहा. या दहांत काटकसर करू नये. पाच-सहा इंच ठेवले तर उभं असताना पुरतं, बसल्यावर नाही. बाजूच्या शिवणींना दीड-दीड इंच माया सोडली. शिवणीच्या आतल्या जास्तीच्या कापडाला मराठीनं माया म्हटलंय, आणि वजन कमी-जास्त होणाऱ्या माणसाच्या कपड्यात ती हवीच. घेराला थोडा उतार देऊन तिन्ही तुकडे ब्याऐंशी इंचांत बसले. बाह्या, बंद आणि काखेचे तुकडे आणखी वीस इंचांत. साडेपाच मीटरच्या साडीतली निम्म्याहून जास्त साडी पदरासकट शाबूत राहिली.

पण इरकलला कात्री लागली ती शेवटी. आधी सगळं मांजरपाटात बेतून धावदोऱ्यानं जोडलं आणि अक्काच्या अंगावर चढवलं. ही पायरी गाळू नका. जुनी चादरही चालते.

पहिल्यांदा घातल्यावर गळा फाकलाच. अशा वेळी हात शिवशिवतो की गळ्यापाशी एक टाचणी लावून टाकावी. तसं करू नये. फाकलेलं कापड चिमटीत धरून बघावं किती आहे. अक्काचं पाऊण इंच भरलं. तेवढं गळ्यातून काढायचं, पण कापड छातीवर कमी पडता कामा नये, म्हणून ते बाजूच्या शिवणीकडं सरकवून तिथं टक्स घ्यायचा. कागदी नमुन्यावर गळ्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंत एक रेघ, बाजूच्या शिवणीपासून तिथवर दुसरी रेघ. दोन्ही कापायच्या. गळ्याची रेघ पाऊण इंच एकावर एक चढवली की बाजूची आपोआप उघडते. उघडलेली जागा म्हणजे टक्स. त्याचं टोक उंचवट्याच्या इंचभर अलीकडं थांबवावं, नाही तर कापडाला टोक येतं.

फाकण्याचं दुसरं कारण कापण्यात असतं. रॅपचा गळा तिरका कापला जातो. तिरकं कापड म्हणजे उरेब, आणि उरेब ताणतं. नुसतं दोरीवर वाळत घातलं तरी तेवढी कड अर्धा-पाऊण इंच वाढू शकते. म्हणून गळा कापल्या कापल्या, इतर काहीही करण्याआधी, कडेपासून पाव इंचावर एक टीप मारून घ्यावी. मग न ताणणारी पट्टी. माझ्याकडं बाजूला काढलेला काठ होता. काठ ताण्याच्या दिशेनं चालतो, तो हलत नाही. तो गळ्याच्या लांबीपेक्षा पाव-पाव इंच आखूड घेतला, आणि गळ्याचं कापड त्यात जरासं जमवत लावला. मागच्या गळ्याच्या वळणावर दोन बारीक चुण्या घ्याव्या लागतात. गळा अंगाशी चिकटून बसला आणि वर काठाची शोभा आली ती वेगळी.

दोन पल्ले एकमेकांना ओलांडतात ती जागा छातीच्या मधोमध, ब्लाउजच्या गळ्याच्या पातळीवर यावी. साठीच्या बाईला किती वर हवी ते तिनं सांगावं, आपण ठरवू नये. मग परीक्षा घ्यायची. पायाला हात लावायला वाकते तसं वाकून बघायचं. खुर्चीवर बसायचं, पाटावर बसायचं, पंख्यासमोर उभं राहायचं. अक्का पाटावर बसली तेव्हा गुडघ्याखाली पल्ला उघडला. तिथं आतून एक टिचबटण लावलं, गुडघ्याच्या चार बोटं वर. चालताना अडत नाही, बसल्यावर झाकलेलं राहतं.

बाहीचं थोडक्यात. जखडलेल्या हातासाठी मुंढा खोल कापला की सोयीचं होईल असं वाटतं. होतं उलटं. मुंढा जितका खाली, तितका हात हलवताना सगळा कपडा वर ओढला जातो. बाराबंदीत, अंगरख्यात काखेत चौकोनी तुकडा तिरपा लावलेला असतो, तोच इथं लावावा. मी साडेतीन इंची लावला. बाही मात्र मोठी, सरळ, कोपरापर्यंत. घालताना दुखरा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा, हे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी अक्काला सांगितलेलंच होतं.

आता बंद. सगळी मेख इथं होती. विकतच्या रॅप ड्रेसमध्ये एक लांब पट्टा बाजूच्या शिवणीतल्या भोकातून काढून पाठीमागून फिरवून पुढं आणायचा असतो. जिचा हात पाठीमागं जात नाही तिला हा ड्रेस निरुपयोगी! इतकं सगळं बेतून शेवटी बांधायला सूनच लागली असती. बाराबंदीत पाठीमागून काही फिरत नाही. जिथं बांधायचं तिथंच दोन बंद समोरासमोर असतात. आम्ही बारा लावले नाहीत, सहाच. तीन गाठी. एक आतल्या पल्ल्याची, दोन वरच्या. आतली गाठ रीतीप्रमाणं उजव्या बाजूच्या शिवणीवर यायला हवी, पण तिथवर अक्काचा उजवा हात मागं वळेना. म्हणून ती शिवणीच्या चार इंच पुढं घेतली. वरच्या दोन डाव्या बाजूला, एक कमरेवर आणि एक तीन इंच वर. उजवा पल्ला वर की डावा, यावर फार अडून बसू नये. 'ऐन-ए-अकबरी'त नोंद आहे की तकौचिया नावाच्या अंगरख्याचा बंद आधी डावीकडं होता, तो अकबरानं उजवीकडं घ्यायला लावला. बादशहानं आपल्या मर्जीनं बाजू बदलली तर अक्कानं आपल्या खांद्यासाठी का बदलू नये? तिचा डावा हात चांगला, म्हणून वरच्या गाठी डावीकडं.

बंद इंचभर रुंद आणि बारा इंच लांब ठेवले. बारीक नाडी दिसायला नाजूक, पण बधिर बोटांना सापडत नाही. गाठ सुरगाठच, निरगाठ बसली तर सोडवताना रडू येईल. जागा ठरवताना मी तिला डोळे मिटायला सांगितलं, आणि बोटं जिथं आपोआप गेली तिथं खडूची खूण केली. टेपनं मोजून ठरवलेल्या जागेपेक्षा एक बंद दीड इंच खाली आला. तो तिथंच शिवला.

शिवण चालू असताना सून विचारायची, कानडीत याला काय म्हणतात? होलिगी, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारी सांगितलं की आमच्याकडं होळिगी चालू आहे. आता जिभेची टीप एवढी सरकली की शिवणाची पुरणपोळी होते, आणि शेजारीण खरोखरच दुपारी डोकावून गेली.

इरकलचा ड्रेस तयार झाला त्या सकाळी मी मदतीला गेले, तर अक्कानं हात झटकला. "ना कट्कोतीनि." मीच बांधते. पहिल्यांदा आठ-नऊ मिनिटं लागली. आतली गाठ दोनदा सुटली. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सुनेच्या आधी तयार होऊन पुढच्या खोलीत बसलेली होती, खांद्यावरून राहिलेल्या साडीचा पदर उपरण्यासारखा घेऊन. फायली घेऊन आलेल्या माणसानं नमस्कार केला. तिनं डाव्या हातानं त्याला बसायची खूण केली.

दुसरा ड्रेस मृगनयनीतून आणलेल्या बाग छपाईच्या सुती कापडाचा झाला. धार जिल्ह्यातल्या बाग गावचं हे ठशांचं काम, तांबड्या-काळ्या रंगाचं. ते दोनदा वेगळं भिजवून घेतलं. याला डावीकडं खिसा हवा, अशी मागणी आली, चष्म्यासाठी. खिसा बाजूच्या शिवणीत घालू नये, पल्ल्याला ओढ बसते. वरच्या पल्ल्यावर बाहेरून ठिगळासारखा लावावा, कमरेच्या बंदाखाली सहा इंचांवर.

मांजरपाटाचा नमुना उसवून, प्रत्येक तुकड्यावर पेनानं मापं लिहून, घडी घालून ठेवला आहे. अंगावर दुरुस्त केलेला नमुना पुन्हा पुन्हा वापरता येतो. प्रसूतीनंतर दूध पाजणाऱ्या बाईला, छातीची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला, हात प्लास्टरमध्ये असलेल्या मुलीलाही हाच बेत चालेल, फक्त बंदांच्या जागा तिच्या तिच्या हातानं ठरवाव्या लागतील.